गाविलगडाची उत्तर बाजू

अठरा पौंडी लोखंडी तोफेची नुसती नळी दोन टनांच्या घरात भरते. गाडा, चाकं, दारूची पिंपं, गोळे, गोलंदाजांची अवजारं हे सगळं वेगळं. वऱ्हाडच्या सपाट मुलखात, काळी माती वाळून घट्ट झालेली असली, की बैलांच्या लांबलचक रांगा जुंपून असली तोफ कशीबशी चालवता येते. डिसेंबर १८०३ मध्ये अशा दोन तोफा, त्यांच्या जोडीला तीन बारा पौंडी लोखंडी, दोन बारा पौंडी पितळी आणि साडेपाच इंची तोंडाच्या दोन गरनाळा, असा नऊ नगांचा ऐवज अचलपूरहून निघून मेळघाटच्या डोंगरात शिरला. सहाव्या दिवशी तो गाविलगडाच्या उत्तरेला, लबाडा गावाजवळच्या पठारावर येऊन उभा राहिला. अंतर सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. चढ सातशे मीटरच्या आसपास. सरासरी काढली तर दिवसाची चाल आठ किलोमीटर पडते.

गाविलगड पडला १५ डिसेंबरला, आणि पुस्तकांत तीच तारीख असते. शिड्या, तलवारी, दरवाज्यातली कत्तल, सगळं त्या एका दिवसाचं. माझ्या मते गडाचा निकाल १२ तारखेलाच लागला होता, तोफा पठारावर पोचल्या तेव्हा. म्हणून या लेखात त्या सहा दिवसांकडे जास्त लक्ष द्यायचं ठरवलं आहे.

युद्ध कसं उभं राहिलं ते वाचकांना ठाऊक असेल, तेव्हा थोडक्यात सांगतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावानं वसईला इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईची दोरी त्यांच्या हाती दिली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांना ते मान्य होणं शक्य नव्हतं. ऑगस्टात लढाईला तोंड लागलं. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला गेला, २३ सप्टेंबरला असईच्या लढाईत मराठ्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना यांचा मोड झाला. इंग्रजांची दख्खनमधली फौज दोन भागांत चालत होती. एक आर्थर वेलस्लीच्या हाताखाली, हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. दुसरी कर्नल जेम्स स्टीव्हन्सनची, म्हणजे हैदराबादची तैनाती फौज. स्टीव्हन्सननं २१ ऑक्टोबरला असीरगड घेतला आणि तिथंच गाविलगडाच्या वेढ्यासाठी लागणारं सामान जुळवून ठेवलं. म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात लढाई होण्याच्या महिनाभर आधीपासून गाविलगडाचं नाव त्यांच्या यादीत होतं.

ती लढाई झाली २९ नोव्हेंबरला, अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला. इंग्रज कागदांत ती ‘अर्गाम’ म्हणून सापडते. रघुजींचे धाकटे बंधू व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, भोसल्यांच्या फौजेचे सरदार होते. शिंद्यांशी सहा दिवसांपूर्वी तात्पुरता तह झाला होता, तरी त्यांचे घोडेस्वार मैदानात हजर होते. शिरसोली गावातून इंग्रजांच्या पलटणी बाहेर पडत असताना भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. तोफगाड्यांचे बैल बुजले, गाडीवान पळाले आणि त्यांच्या पाठोपाठ असईला उत्तम लढलेल्या तीन पलटणी मागे धावल्या. वेलस्ली जवळच होता, त्यानं स्वतः पुढं होऊन त्यांना गावाआड गोळा केलं आणि पुन्हा रांगेत आणलं. आपण तिथं नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्यानं नंतर लिहिलं आहे. स्टीव्हन्सन त्या वेळी इतका आजारी होता की घोड्यावर बसवेना. त्यानं लढाई हत्तीच्या हौद्यातून पाहिली. संध्याकाळपर्यंत भोसल्यांची फळी फुटली, ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या आणि चांदण्यात रात्री उशिरापर्यंत पाठलाग चालला.

अडगावाहून जे पायदळ निसटलं, त्यातला मोठा भाग बेनीसिंगाच्या कवायती पलटणीचा होता. तो थेट गाविलगडावर चढला. त्यांच्या हातात कंपनीच्या बनावटीच्या बंदुका होत्या. पळून आलेली फौज हरलेली असते हे खरं, पण गडावर शिरली की तिला पुन्हा जीव येतो. शिवाय तो गड म्हणजे वऱ्हाडच्या उत्तरेचा कडीकोयंडा. गवळ्यांनी वसवलेली जुनी जागा, १४२५ मध्ये अहमदशाह बहमनीनं बांधकाम करवलेली, पुढं इमादशाहीत फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्कानं भक्कम केलेली. १५७७ चा बुरूज-ए-बहराम त्यावर आहे. शार्दूल दरवाज्यावरचा गंडभेरुंड आजही पाहणाऱ्याला थांबवतो.

आता या गडाची रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. गाविलगडचे डोंगर म्हणजे लाव्हाच्या थरावर थर. माथा सपाट, कडा तुटलेला. दक्षिणेला वऱ्हाडच्या मैदानाकडे हा कडा असा कोसळतो की खालून पाहणाऱ्याला वरची तटबंदी उगाच बांधल्यासारखी वाटावी. आतला किल्ला या दक्षिण कड्यावर आहे. त्याच्या वायव्येला आणि उत्तरेला बाहेरचा किल्ला, आणि त्याच्याही पुढं उत्तरेला लबाड्याच्या बाजूला तिसरा तट. वाटा तीन. दक्षिण दरवाज्याची वाट फार लांब, फार उभी, तिथून फक्त माणूस चढू शकतो. वायव्येच्या दरवाज्याची वाट गडकऱ्यांच्या रोजच्या वापरातली, पण ती गडाच्या पश्चिम अंगाला लागून जाते, अरुंद आहे, आणि लांबवर गडाच्या माऱ्याखाली राहते. तिसरी उत्तरेची. तिथं गडाची जमीन आणि बाहेरचं पठार एका पातळीवर आहे.

किल्ला बांधणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर तिथं तिसरा तट आहे. पण त्यांचा खरा भरवसा तटावर नव्हता. त्या पठारावर यायचं तर अचलपूरहून डोंगरांना वळसा घालून तीस मैल रान तुडवायचं, नाले ओलांडायचे, खोऱ्यात उतरायचं, पुन्हा चढायचं. घोडेस्वार येतील, भालाईत येतील. तट फोडणारी तोफ तिथं येणार कशी, असा तो हिशेब, आणि ज्या काळात तो केला त्या काळात तो बरोबर होता.

तोफ खालून वर का डागू नये, असा प्रश्न कुणीही विचारील. डागता येते, पण तटाला खिंडार पाडायचं तर गोळे तटाच्या खालच्या भागात, एका ओळीत बसावे लागतात. आधी पायथ्याच्या वरच्या बाजूला आडवी चीर पाडायची, मग तिच्या दोन्ही टोकांना उभ्या चिरा, म्हणजे मधला तुकडा आपल्याच वजनानं पुढं कोसळतो आणि त्या ढिगाऱ्याचीच चढण तयार होते. हे काम काही शे पावलांवरून, समोरासमोर आणि तेही तासन्‌तास करावं लागतं. खालच्या उतारावरून वर मारलेला गोळा तटाच्या पायाशी पोचत नाही, कातळावर आपटतो किंवा तटावरून निघून जातो. शिवाय असा मारा पितळी तोफेला फार वेळ झेपत नाही. ती तापते, नळी मऊ पडते, बत्तीचं भोक रुंदावतं. लोखंडी तोफ तापली तरी टिकते, म्हणून वेढ्याला लोखंडीच हवी. आणि लोखंडी म्हणजे जड. सगळा पेच या एका शब्दात आहे.

दोन्ही फौजा ५ डिसेंबरला अचलपूरला आल्या. अचलपूर निजामाच्या बाजूचं, नवाब सलाबतखानाचं. अडगावच्या जखमींसाठी तिथं दवाखाना घातला गेला. वेलस्लीनं आणि स्टीव्हन्सननं गावात चौकशी केली. ही चौकशी मला फार महत्त्वाची वाटते. मेळघाटातलं तूप, सागवान, मध अचलपूरच्या बाजारात येत असे. डोंगरातला कोरकू आणि गवळी तिथं येत-जात असे. कोणती खिंड कुठं निघते, पाणी कुठं आहे, हे माहीत असणारी माणसं बाजारात बसलेली होती. नागपूरच्या दरबारात जी गोष्ट अशक्य म्हणून सोडून दिली होती, ती अचलपूरच्या बाजारात ‘अवघड आहे, पण वाट आहे’ इतकीच होती. वेलस्लीनं गव्हर्नर जनरलला पाठवलेल्या अहवालात कबूल केलं आहे की तोफा लबाड्यापर्यंत नेण्याचे कष्ट फार मोठे असणार हे उघड दिसत होतं, तरी एकंदरीत तीच जागा हल्ल्याला सोयीची ठरली. हा गव्हर्नर जनरल म्हणजे त्याचा थोरला भाऊ, रिचर्ड वेलस्ली. घरचाच कारभार.

कामाची वाटणी अशी झाली. स्टीव्हन्सननं उत्तरेचा मुख्य हल्ला करायचा. वेलस्लीनं आपली फौज आणि सगळं घोडदळ घेऊन दक्षिणेला देवगावकडे राहायचं, स्टीव्हन्सनला पाठबळ द्यायचं आणि जमल्यास दक्षिणेकडून व पश्चिमेकडून गडाला गुंतवून ठेवायचं. डोंगराच्या तोंडाशी धामणगाव होतं. त्या गावाला तटबंदी होती आणि लबाड्याची वाट तिच्याच अंगावरून वर जात होती. आज नकाशात ‘धामणगाव गढी’ म्हणतात ते हेच असावं. स्टीव्हन्सनच्या एका तुकडीनं ती आधीच ताब्यात घेतली. ७ डिसेंबरला मुख्य फौज डोंगरात शिरली.

पुढचं वाचताना तोफखान्याची जुनी चित्रं डोळ्यांसमोरून बाजूला करा. त्यांत बैल ओढताहेत, हत्ती मागून डोकं लावून ढकलतोय, असं असतं. वेलस्लीला बैलांचं महत्त्व कुणी शिकवायला नको होतं. म्हैसूरची अमृतमहाल जात त्यानं टिपूच्या मुलखात पाहिली होती, आणि दख्खनमधल्या त्याच्या पत्रांत बैल, दाणागोटा आणि लमाणांचे तांडे यांचा उल्लेख लढायांहून जास्त वेळा येतो. पण डोंगरातल्या वळणावर बैलांची लांब रांग निकामी ठरते. पुढच्या जोड्या वळून पलीकडे गेल्या की त्यांची ओढ सरळ रेषेत लागते, आणि ती रेषा रस्त्यावरून न जाता दरीवरून जाते. तोफ कड्याकडे खेचली जाते. म्हणून तिथं बैल सोडावे लागतात आणि दोराला माणसं लावावी लागतात.

अहवालात तेच नमूद आहे. जड तोफा आणि सामान जवळजवळ सगळं अंतर हातांनी ओढून, डोंगरांवरून आणि घळींतून नेलं गेलं, आणि तेही अशा रस्त्यांनी, जे त्या सैनिकांना आधी स्वतःच तयार करावे लागले. एका वाक्यात त्यानं सहा दिवस मिटवले आहेत. त्या वाक्यामागचं काम मात्र एवढ्यात मिटत नाही. मद्रास पायोनियरांनी पुढं जाऊन झाडं तोडायची, बांबूची बेटं काढायची, मुरूम खणून उतार मोडायचा, नाल्यात दगड भरून चाकाला आधार करायचा. मागून तोफ येते. चढावर पुढं माणसांच्या दोन-तीन रांगा दोर खांद्यावर घेऊन, मागे चाकाला दगडाचा अटकाव लावणारे दोघे. दहा पावलं ओढायचं, दगड सरकवायचा, श्वास घ्यायचा. उतार लागला की सगळं उलटं. आता दोर मागच्या बाजूला, आणि ओढणाऱ्यांचं काम रोखून धरण्याचं. डोंगरात चढापेक्षा उतार जास्त माणसं मारतो. दोन टनांचा गाडा सुटला तर त्याच्यापुढं कुणी उभं राहू शकत नाही. आणि मेळघाटात अचलपूर ते लबाडा हा एकच चढ नाही. वर, खाली, पुन्हा वर, असं ते चालतं.

दोराला कोण होतं? स्कॉटलंडमधून आलेली ९४वी पलटण आणि मद्रास इलाख्यातले शिपाई, ज्यांना आपल्याकडे तेलंगे म्हणत. म्हणजे वऱ्हाडच्या नशिबाचा फैसला करणारी तोफ तमिळ, तेलुगू आणि स्कॉट हातांनी सातपुड्यावर चढली. डिसेंबर होता, ही त्यांची सोय. रात्री कडाक्याची थंडी, पण नाले उतरलेले आणि मुरूम कोरडा. हेच जूनमध्ये करायचं ठरवलं असतं, तर तोफा पहिल्या नाल्यातच राहिल्या असत्या.

या काळात गडावरचे लोक काय करत होते, हा या मोहिमेतला खरा बोचणारा प्रश्न आहे. धामणगावची गढी गेल्यावर पुढच्या वाटेवर कुणी मोठा अडथळा उभा केल्याचं दिसत नाही. घळीत अडकलेली तोफ, दोराला गुंतलेली माणसं, खांद्यावर बंदूक नाही, दोन्ही बाजूंना झाडी. दोनशे माणसं आणि चार ओळखीच्या खिंडी एवढ्यावर ती फौज आठवडाभर खोळंबून राहिली असती. मराठ्यांना गनिमी काव्याचे धडे इंग्रजांकडून घ्यायचे नव्हते! शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सह्याद्रीत याच पद्धतीनं मोठमोठ्या फौजा जेरीस आल्या होत्या. पण १८०३ मधली भोसल्यांची फौज वेगळी होती. तिला कवायत शिकवलेली होती, रांगेत उभं राहून बार काढायला शिकवलं होतं, आणि कवायती शिपायाला तटाच्या आड बरं वाटतं. मला तरी गडाच्या पराभवाचं मूळ इथं दिसतं. डोंगर आपल्या बाजूनं लढेल असं धरून चालले, आणि डोंगरासाठी कुणी लढलं नाही.

१२ डिसेंबरला स्टीव्हन्सन लबाड्याजवळ पोचला आणि त्याच रात्री खोदकाम सुरू झालं. दोन मोर्चे बांधले गेले. एकात दोन अठरा पौंडी आणि तीन बारा पौंडी लोखंडी तोफा, बाहेरच्या किल्ल्याचा तट आणि तिसरा तट फोडण्यासाठी. दुसऱ्यात दोन पितळी बारा पौंडी आणि दोन गरनाळा, तटावरच्या माणसांना डोकं वर काढू न देण्यासाठी.

त्याच रात्री दक्षिणेला वेलस्लीच्या माणसांनीही एक मोर्चा बांधला, दक्षिण दरवाज्याखालच्या डोंगरावर. त्यात दोन लोखंडी आणि दोन पितळी बारा पौंडी बसवायच्या होत्या. इथं तीस मैल नव्हते, चढ मात्र सरळ उभा होता. माणसांनी जिवाचं रान केलं, तरी लोखंडी तोफा मोर्च्यात पोचल्याच नाहीत. हलक्या पितळी तेवढ्या चढल्या आणि त्यांच्या माऱ्याचा तटावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. एकाच गडावर, एकाच रात्री, एकाच सेनापतीच्या योजनेतले हे दोन प्रयोग. जवळची वाट धरणारी तोफ अर्ध्यावर अडली आणि लांबचा वळसा घेणारी वेळेवर पोचली. गाविलगड बांधणाऱ्यांचा दक्षिणेचा अंदाज चारशे वर्षांनंतरही अचूक ठरला होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

१३ तारखेला सगळ्या तोफा सुरू झाल्या. अठरा पौंडी गोळा आठ किलोच्या वर असतो. चुन्यातल्या दगडी भिंतीला तो सतत दीड-दोन दिवस एकाच जागी खात बसला की भिंत उभी राहत नाही. १४ च्या रात्री बाहेरच्या तटांची खिंडारं चढण्याजोगी झाली.

१५ ला सकाळी १० वाजता हल्ला झाला. लेफ्टनंट कर्नल केनी खिंडाराकडच्या तुकडीचा प्रमुख होता. दक्षिणेकडून वॅलेस आणि वायव्येकडून चामर्स यांच्या तुकड्यांनी एकाच वेळी दरवाज्यांकडे जायचं होतं. खिंडारातून शिरलेल्यांनी बाहेरचा किल्ला लवकर घेतला. आतले लोक वायव्य दरवाज्यानं बाहेर पडू पाहत होते, तेवढ्यात चामर्स तिथं पोचला आणि तो दरवाजा म्हणजे सापळा झाला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळापासून कंपनीच्या अधिकाऱ्यांना लिहायची भारी हौस. पण या दरवाज्यांपाशी काय झालं ते लिहिताना अहवालाची भाषाही आखडती झाली आहे. निरनिराळ्या दरवाज्यांपाशी फार मोठ्या संख्येनं माणसं मारली गेली, एवढंच त्यात आहे.

आतल्या किल्ल्याच्या तटाला मात्र कुठंही खिंडार नव्हतं. बाहेरचा आणि आतला यांच्यामध्ये घळ, पलीकडे वळणावळणाचा दरवाजा, वरून मारा. दरवाज्यावर प्रयत्न झाले ते फसले. केनी तिथं प्राणांतिक जखमी झाला. मग तटाची एक जागा शिडीच्या आटोक्यातली सापडली. ९४व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलनं हलक्या तुकडीच्या लोकांना घेऊन शिड्या लावल्या, तटावर चढून आत उतरला आणि दरवाजा उघडला. त्यानंतर थोड्याच वेळात सगळं संपलं. या चढाईत एक चोवीस वर्षांचा मुलकी अधिकारी हौसेनं सामील झाला होता, माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढं नागपूरचा रेसिडेंट, मग पुण्याचा, मग मुंबईचा गव्हर्नर. मुंबईच्या शाळा-कॉलेजांच्या इतिहासात भेटणारा हा सभ्य गृहस्थ गाविलगडाच्या खिंडारातून चढलेला आहे.

बेनीसिंग आणि गडाचा राजपूत किल्लेदार दोघेही लढता लढता पडले. त्यांची प्रेतं दरवाज्यापाशी मेलेल्यांच्या राशीत सापडली. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून घरच्या बायकामुलींना आधीच मारण्याचं ठरलं होतं. त्यातल्या थोड्या मेल्या, काही जखमी अवस्थेत जिवंत सापडल्या. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून सव्वाशेच्या घरात. गडावरचे किती मेले याचा धड आकडा कुणी काढला नाही.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या छावणीत तह झाला. भोसल्यांच्या वतीनं यशवंतराव रामचंद्र होते. कटक प्रांत कंपनीला गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाला गेलं आणि निजाम-भोसल्यांची वऱ्हाडातली जुनी दुअंमली मोडली. रयतेला मात्र त्या वर्षी राजा कोण, यापेक्षा ज्वारी कुठं मिळेल याची चिंता होती. १८०३-०४ चा दुष्काळ वऱ्हाडात फार कडक होता आणि दोन्हीकडच्या फौजा त्याच मुलखातलं धान्य आणि कडबा खात होत्या. ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो सुर्जी अंजनगावला. असईची लढाई सगळ्यांना पाठ असते, पण युद्ध संपलं ते आजच्या अमरावती जिल्ह्यात, एकमेकांपासून फार लांब नसलेल्या दोन गावांत.

देवगावच्या तहातलं एक कलम वाचताना हसावं की रडावं कळत नाही. ज्या गडासाठी एवढं केलं तो गाविलगड, आणि त्याच्या पश्चिमेचा अकोट तालुक्यातला नरनाळा, हे दोन्ही भोसल्यांकडेच ठेवले गेले, खर्चाला चार लाखांचा मुलूख तोडून दिला गेला. नरनाळ्यावर एक गोळी न सुटता त्याचं भवितव्य ठरलं. त्याची नऊगजी तोफ तिथंच राहिली. आज पर्यटक तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात. इंग्रजांनी गड परत दिले ते उदारपणानं असं कुणी समजू नये. चढता येत नाही या समजुतीवर गडाची किंमत ठरत होती, आणि ती समजूत लबाड्याच्या पठारावर संपली होती. १८२२ मध्ये दोन्ही गड निजामाकडे गेले, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, आणि १८५८ मध्ये तात्या टोपे इथं येऊन बसतील या धास्तीनं गाविलगडाची तटबंदी पाडली गेली.

डोंगर आणि तोफ यांचं नातं पुढं जगभर बदलत गेलं. पहिल्या महायुद्धात आल्प्समध्ये इटालियन आणि ऑस्ट्रियन फौजा हिमशिखरांवर समोरासमोर बसल्या होत्या. समोरच्याच्या डोक्यावर हिमकडा कोसळावा म्हणून तोफा डागल्याचं तिथं सांगितलं जातं. १३ डिसेंबर १९१६ ला मार्मोलाडावर ऑस्ट्रियन छावणीवर कडा कोसळून शेकडो सैनिक गाडले गेले, तो मात्र अतिबर्फवृष्टीनं. कॅनडात रॉजर्स पास नावाची खिंड आहे. तिथून जाणारा महामार्ग १९६२ मध्ये खुला झाला, आणि तिथं हिवाळ्यात सैन्याचे गोलंदाज १०५ मिलिमीटरच्या तोफांनी डोंगरावरचा बर्फ रहदारी थांबवून, ठरवून, थोडाथोडा पाडतात, म्हणजे तो एकदम रस्त्यावर येत नाही. तिथं रस्ता खुला राहावा म्हणून तोफ डागतात. गाविलगडला तोफ डागता यावी म्हणून रस्ता केला होता.

आपल्याकडे गाविलगडाच्या जवळचं उदाहरण हवं तर झोजी ला घ्यावं. १ नोव्हेंबर १९४८ ला साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या त्या खिंडीत भारतीय लष्कराचे स्टुअर्ट रणगाडे अचानक अवतरले आणि वर बसलेल्या शत्रूचा धीर सुटला. रणगाडे इथं येऊच शकत नाहीत, हा त्यांचाही हिशेब होता. खेचरांची वाट रणगाड्यांजोगी करून देणारे होते मद्रास सॅपर्स. ही तीच परंपरा. १८०३ मध्ये मेळघाटात कुदळ चालवणारे मद्रास पायोनियर हे त्यांचे पूर्वज. १९९९ मध्ये द्रासला बोफोर्स तोफांनी शिखरांवर थेट मारा केला, तेव्हाही बातमी तोफेची झाली, रस्त्याची झाली नाही.

गाविलगडावर इंग्रजीत कादंबरीही आहे. बर्नार्ड कॉर्नवेलची ‘शार्प्स फोर्ट्रेस’, १९९९ ची. ती वाचून परदेशी वाचक चिखलदऱ्याला येतात आणि खिंडार कुठं आहे ते विचारतात. आपल्याकडचा पर्यटक देवी पॉइंट पाहतो, भीमकुंड पाहतो, गडावर कालभैरव आणि बिजली या तोफांपाशी उभा राहतो आणि परत फिरतो. तोफा पाहतो त्या हरलेल्या बाजूच्या. जिंकलेल्या तोफा आल्या ती वाट कुणी दाखवत नाही, कारण ती कुठंही खुणावलेली नाही.

हे काम फार खर्चाचं नाही. वेलस्लीचे कागद छापलेले आहेत, जुने नकाशे उपलब्ध आहेत, धामणगाव गढी जागेवर आहे आणि मेळघाटच्या वनरक्षकाइतक्या खिंडी कुणाला ठाऊक नाहीत. अमरावती विद्यापीठाच्या इतिहास विभागानं आणि व्याघ्र प्रकल्पाच्या लोकांनी मिळून एक हिवाळा दिला, तर धामणगावपासून गडाच्या उत्तर तटापर्यंतचा तो रस्ता नकाशावर घालता येईल. शिकवणाऱ्यांपैकी आणि शिकणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर डिसेंबरात जा. नाले उतरलेले असतात.